आमच्या नावाचे तिघे

आमचं नाव मी इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. नाव चांगलं आहे, आडनावही गावावरून पडलेलं आणि सरळ आहे. पण त्याच नावाची आणखी दोन माणसं मला ठाऊक आहेत. त्यांच्या गोष्टी माझ्याकडं आणि माझ्या त्यांच्याकडं असं आयुष्यात पुरेसं झालं. त्यात आता भर नको.

मी उदगीरला शाळेत चित्रकला शिकवायचो. दुसरा गुरांचा डॉक्टर. तिसरा टँकरचा ड्रायव्हर. तिसऱ्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता. त्याचं गाव दुसऱ्या तालुक्यातलं, पण त्या गावाचं नाव आमच्या गावासारखंच, म्हणून आडनावही तेच. डॉक्टर आणि मी मात्र एकाच गावचे. त्यामुळं आडनाव एक असण्यात नवल नव्हतं. आमच्याकडं गावाच्या नावाला ‘कर’ लावला की आडनाव तयार होतं आणि ते गावातल्या कुणालाही लागतं, मोठ्या घराला लागतं तसं आमच्या वस्तीलाही. पहिलं नाव एक कसं झालं, ते सांगण्यासारखं आहे.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जन्मलो. तोवर वस्तीतल्या पोरांची नावं दगडावरून नाही तर उकिरड्यावरून ठेवलेली असायची. नाव हाक मारण्यापुरतं असतं आणि हाक मारणारा गावातला असतो, हे धरूनच ती ठेवली जात. वडिलांनी ठरवलं की पोराला असं नाव द्यायचं, जे कागदावर लिहिलं तरी शोभेल. असलं एक नाव त्यांनी त्याच वर्षी ऐकलं होतं. मोठ्या घरात चार महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता आणि बारशाला आलेल्या कुणीतरी ते नाव गावभर सांगितलं होतं. वडिलांना ते आवडलं. त्यांनी ते मला दिलं.

आठ दिवसांनी मोठ्या घरचे मालक आमच्या वस्तीच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, तेव्हा त्यांचं वय तिशीचं असलं तरी. ते काय बोलले हे आईनं मला कितीतरी वेळा सांगितलं आहे. दर वेळी शब्द तेच असायचे, म्हणून मी ते खरे धरतो. आबा म्हणाले की पोराचं नाव बदल, सबंध मुलुखात नावांचा दुष्काळ पडला न्हाई. वडील तेव्हा पायातला काटा काढत बसले होते. ते उठले नाहीत.

“नाव काय आडातलं पाणी हाय का मालक,” ते म्हणाले, “आमी शेंदलं म्हणून तुमाला कमी पडंल?”

गावच्या आडावर आमच्या माणसांना तेव्हा शेंदू देत नसत. त्यामुळं हे बोलणं नावाबद्दल होतं की आडाबद्दल, याचा आबांना थोडा वेळ विचार करावा लागला असणार. ते तसेच परत गेले. नाव राहिलं. आडाला पुढं आणखी बारा वर्षं लागली.

शाळेत गुरुजींनी आम्हाला नंबर दिले. तो एक नंबर, मी दोन नंबर. तो पहिल्या रांगेत बसायचा, मी शेवटच्या. हजेरीत त्यामुळं घोटाळा होत नसे. घोटाळा शिक्षेत व्हायचा. एक नंबरचा पाढा चुकला की गुरुजी चिडून नुसतं नाव घ्यायचे, आणि मी दाराजवळ असल्यानं आधी हाताला लागायचो. छडीला नंबर वाचता येत नव्हता. तो मात्र प्रत्येक वेळी उभा राहून सांगायचा की गुरुजी, चुकलो मी, तो न्हाई. मग गुरुजी त्यालाही मारायचे. याचा मला उपयोग झाला नाही, पण मी ते लक्षात ठेवलं.

पुढं आम्ही दोघं उदगीरला एकाच हायस्कुलात गेलो. आठवीत मी चित्रकलेची सरकारी परीक्षा दिली आणि त्यात मला वरची श्रेणी मिळाली. प्रमाणपत्र त्याच्या घरी गेलं. त्याच्या आईला पोरगं चित्रं काढतं हे माहीत नव्हतं, पण प्रमाणपत्र आलंय म्हणजे काढत असेल, असं समजून तिनं त्याला काच आणि फ्रेम बसवून घेतली. तो सुट्टीत घरी गेला तेव्हा त्याला ते भिंतीवर दिसलं. त्यानं ते काढलं आणि फ्रेमसकट आमच्या वस्तीत आणून दिलं. फ्रेम काढून घेऊ का, असं त्यानं विचारलं नाही. आमच्या घरातली ती पहिली फ्रेम.

नंतर तो गुरांचा डॉक्टर व्हायला गेला, मी चित्रकलेचा शिक्षक व्हायला. दोघांनाही नोकरी आमच्याच भागात लागली. तेवढ्यात लातूर जिल्हा नवा झाला. उस्मानाबादेतून फायली ट्रकनं आल्या आणि नव्या कचेऱ्यांत नव्या माणसांनी त्या नव्या कपाटांत लावल्या. आम्हा नोकरदारांना वाटलं, आता कामं जवळ आली. ती जवळ आली हे खरंच. थोड्याच वर्षांत दुष्काळ पडला, आणि एके दिवशी माझ्या शाळेत माझ्या नावाचा आदेश आला.

आदेशात असं होतं की अमुक गावाच्या शिवारात जनावरांची छावणी उघडण्यात येत असून तेथील जनावरांच्या आरोग्याची जबाबदारी आपणाकडं देण्यात येत आहे. तात्काळ हजर व्हावं, कसूर झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल. कुठल्या कचेरीत कुणाच्या हातून हे झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नाव माझं होतं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षरही बरोबर होतं. हुद्द्याच्या जागी नुसतं ‘संबंधित कर्मचारी’ लिहिलं होतं.

मी हेडमास्तरांना म्हणालो की सर, हे माझ्यासाठी नाही, मी चित्रकला शिकवतो. हेडमास्तरांनी आदेश दोनदा वाचला. ते सावध गृहस्थ होते. ते म्हणाले, चित्रकला शिकवणाऱ्यानं जाऊ नये असं यात कुठं लिहिलेलं नाही. गंभीर दखल घेतली जाईल असं मात्र लिहिलं आहे. त्यांनी मला त्याच दिवशी दुपारी कार्यमुक्त केलं. मी रंगाचा डबा आणि चार ब्रश पिशवीत घातले, कारण नेण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

छावणी एका कोरड्या तळ्याच्या पोटात होती. तिथं सावलीसाठी बांबूवर पाचट टाकलं होतं आणि चारशेच्या वर जनावरं बांधली होती. छावणी सांभाळायला एक वयस्कर ग्रामसेवक होते. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की गुरुजी, मी बी मूळचा शिंपी हाय. आता तुमी आलाव, तर शिंगं रंगवा.

ते काम खरोखर होतं. प्रत्येक जनावराच्या शिंगावर आकडा टाकायचा आणि रजिस्टरात तो आकडा मालकाच्या नावापुढं लिहायचा. पण गुरं शिंगं घासतात, आकडे चार दिवसांत जातात आणि मग भांडणं होतात. म्हणून मी रजिस्टरात प्रत्येक जनावराचं छोटं चित्रही काढायला लागलो. आमच्या भागातली देवणी गाय चित्रकाराच्या सोयीची असते. पांढऱ्या अंगावर काळे डाग, आणि एकीचे डाग दुसरीसारखे कधीच नसतात. कंधारकडची लाल गुरं मात्र नाकापासून शेपटीपर्यंत एका रंगाची. तिथं मी शिंगांचा बाक, कानाची चीर, पाठीवरचा डागण्याचा व्रण असं काही शोधून काढायचो. एकदा दोन शेतकरी एका कालवडीवरून हातघाईवर आले तेव्हा ग्रामसेवकांनी रजिस्टर आणवलं. डाव्या पुठ्ठ्यावरचा डाग चित्रात होता तसाच निघाला आणि कालवड ज्याची त्याला मिळाली. ज्याची नव्हती त्यानंही चित्र बराच वेळ पाहिलं आणि आपल्या बैलाचं दाखवा म्हणाला.

एवढं झालं तरी लोक मला डॉक्टरच समजत. मी रोज सांगायचो की मी डॉक्टर नाही. त्यांना वाटायचं, मी चांगला डॉक्टर नाही असं म्हणतोय, आणि ते माझी समजूत घालायचे.

खरा डॉक्टर वीस-पंचवीस मैलांवर आपल्या दवाखान्यात बसून होता. त्याला आदेश नव्हता, म्हणून तो आला नव्हता. मी त्याला पत्र लिहिलं. पाकिटावर त्याचं नाव, मागं पाठवणाऱ्याचं नाव. सहाव्या दिवशी पोस्टमननं ते पत्र छावणीत मलाच आणून दिलं. त्याला वाटलं, मी घाईत स्वतःलाच पत्र लिहिलं. मी ते घेतलं.

मग मी टँकरच्या ड्रायव्हरला गाठलं. तो रोज दोन खेपा पाणी आणायचा आणि हौदात सोडून लगेच जायचा, म्हणून त्याच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं. जाडजूड, तोंडात सुपारी, कमी बोलणारा. मी त्याला म्हणालो की अमुक गावच्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांग की इथं या. कुणी बोलावलं म्हणून सांगू, त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. तो माझ्याकडं पाहत राहिला.

“गुरुजी,” तो म्हणाला, “हे तर माझं नाव हाय.”

मी म्हणालो, असेल. डॉक्टरचंही तेच आहे. त्यानं सुपारी थुंकली, त्यावर थोडा विचार केला आणि गाडी चालू केली.

पुढचं मला डॉक्टरनं नंतर सांगितलं. दुपारी दवाखान्यापुढं टँकर थांबला. ड्रायव्हर आत आला आणि त्यानं विचारलं की अमुक अमुक तुमीच का. डॉक्टर हो म्हणाला. ड्रायव्हर म्हणाला, तुमाला अमुक अमुकनी बोलावलंय. डॉक्टरनं विचारलं, तुम्ही कोण? त्यावर ड्रायव्हरनं आपलं नाव सांगितलं. डॉक्टरला वाटलं की उन्हामुळं झालं असेल. त्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नाडी पाहिली. माणसाची नाडी पाहायचा त्याला अधिकार नव्हता, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही म्हणाला.

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी छावणीत एक गाय अडली. गाय एका एकट्या म्हातारीची होती. म्हातारी हत्तीबेटाच्या टेकडीपलीकडून कुठून तरी तिला चालवत घेऊन आली होती आणि तिच्याजवळ पाचटाखालीच राहायची. भर दुपारची वेळ. वासराचे पुढचे दोन खूर दिसत होते आणि तासभर झाला तरी पुढं काही सरकत नव्हतं. लोक मला घेऊन गेले. मी म्हातारीला सांगितलं की आजी, मला यातलं काही कळत नाही, मी शाळेत चित्रं काढायला शिकवतो.

“मला कळतं की,” म्हातारी म्हणाली. “माझ्या हातात जोर न्हाई. तू हात दे.”

मग तिनं सांगितलं तसं मी केलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, गोडंतेल लावलं. आत हात घातला तेव्हा वासराचं तोंड एका बाजूला वळलेलं लागलं. ते मी बोटांनी चाचपून पाहिलं आणि तिला सांगितलं. हे एक मला जमण्यासारखं होतं, कारण न पाहता आकार ओळखायचा सराव आम्हा लोकांना असतो. म्हातारी म्हणाली, ती कळ देईल तेव्हा थांब, कळ गेली की तोंड फिरव. मी तसं केलं. चार वेळा निसटलं, पाचव्या वेळी वळलं. मग खुरांना फडकं गुंडाळून, ती कळ देईल तेव्हाच, खालच्या अंगाला ओढायचं. वासरू एकदम बाहेर आलं आणि माझ्या मांडीवर पडलं. ते हलेना. म्हातारीनं त्याच्या नाकातला चिकटा पुसला आणि कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली. ते शिंकलं.

त्या दिवशी मी एकही शिंग रंगवलं नाही. ग्रामसेवकांनी रजिस्टरात नोंद केली की गाय अडली होती, श्री. अमुक यांनी यशस्वी सोडवणूक केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, त्यानं ती नोंद वाचली, गाय तपासली आणि खाली सही केली. सही त्याची, नाव त्याचं, त्यामुळं कागदावर सगळं बरोबर झालं. मला तो एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी हात घालण्याआधी घड्याळ काढ. ते मी काढलं नव्हतं हे त्याला कसं कळलं, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात मनगटाकडं लक्ष गेलं. काचेत पाणी शिरून काटे कालच्या दुपारवरच थांबले होते.

तेव्हापासून छावणीत आमच्या नावाचे तिघे झाले. कुणी हाक मारली की तिघं वळायचो. लोकांनी लगेच सोय केली. एक डॉक्टर, एक गुरुजी, एक टँकर. टँकरला तो टँकर म्हटल्याचा राग नव्हता. तो म्हणायचा, गावात गेलो की पोरं ‘टँकर आला’ म्हणूनच पळत येतात, नावानं कोण येतं.

मला परत जाता आलं असतं. पण माझा आदेश मागं घेतला गेला नव्हता आणि डॉक्टरचा निघाला नव्हता. तो माझ्या आदेशावर काम करत होता. मी गेलो असतो तर त्यालाही जावं लागलं असतं. म्हणून दोघंही राहिलो. सकाळी तो पुढं सुया टोचत जायचा, मागून मी रजिस्टरात त्या त्या चित्राखाली खूण करत जायचो. एवढ्या वर्षांत आम्ही कधी असे एका जागी मुक्कामाला राहिलो नव्हतो. एका रांगेत तर कधीच नाही.

आबा आले ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. मोठ्या घराची विहीरही आटली होती. ते दोन देवणी बैल आणि एक गाय घेऊन गड्याबरोबर चालत आले. छावणीच्या तोंडाशी त्यांनी मुलाचं नाव घेऊन विचारलं आणि कुणीतरी त्यांना माझ्याकडं पाठवलं. मी खाली बसून रंग कालवत होतो. ते समोर उभे राहिले. साठीकडं झुकलेले, पटका धुळीनं भरलेला. मला त्यांनी ओळखलं नाही. मी उठलो आणि वडिलांचं नाव सांगून अमक्याचा मुलगा म्हणालो.

“म्हंजे दुसरा,” आबा म्हणाले.

मी हाव म्हणालो. ते बैलांकडं वळले. मग म्हणाले की बैलाच्या शिंगाला आकडा टाकताना सांभाळ, डाव्या बैलाला डोक्याला हात लावलेला चालत न्हाई. मी सांभाळून टाकला. त्या बैलाच्या कपाळावर पानासारखा काळा डाग होता. मी तो रजिस्टरात काढला तेव्हा आबा मागं उभे राहून पाहत होते.

ते छावणीतच राहिले. पाणी सगळ्यांसाठी त्याच एका टँकरचं, त्याच पिंपातून, त्याच जर्मनच्या तांब्यानं. पहिल्या दिवशी आबा तांब्यापाशी थांबले. मग प्यायले. मी पाहत होतो हे त्यांना दिसलं, आणि त्यांना दिसलं हे मला.

आठवड्यानं डाव्या बैलानं अंग टाकलं. वैरण होती, पण ती त्याच्या अंगी लागायची वेळ गेली होती. पडलेलं जनावर उठवलं नाही तर त्याच्या आतड्यांवर भार येतो आणि ते पुन्हा उठत नाही, एवढं मलाही तोवर कळलं होतं. आबांनी हाक मारली. नाव घेऊन, मोठ्यानं, एकदाच. डॉक्टर आणि मी दोन टोकांकडून धावलो. मी बैलापाशी आधी पोचलो आणि मग थबकलो, कारण हाक मला नसणार. डॉक्टरही पोचला. आबा बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं.

“दोघं बी या,” ते म्हणाले.

आम्ही पोटाखालून पोती सरकवली, दोन बांबू घातले. टँकर तेवढ्यात आला होता, तोही उतरून आला. तिघांनी आणि गड्यानं मिळून बैल उचलला. तो चार पायांवर उभा राहिला, अंग कापत होतं. डॉक्टरनं शिरेतून बाटली लावली आणि ती मी उंच धरून उभा राहिलो. अर्धी बाटली गेली असेल, बैल पुन्हा खाली बसला. त्या दिवशी त्याला तीन वेळा उठवला. चौथ्या वेळी डॉक्टरनं बापाकडं पाहून मान हलवली. आबा म्हणाले, राहू दे. दिवस मावळायच्या आत बैल गेला.

तिसऱ्या दिवशी आबा माझ्याकडं आले आणि म्हणाले, ते चोपडीतलं चित्र फाडून दे. मी सांगितलं की चोपडी सरकारी आहे, पान फाडता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि ते निघाले. मी त्यांना थांबवलं. पाठकोऱ्या कागदावर रजिस्टरावरून मोठं चित्र काढायला बसलो. ते समोर बसून सांगत राहिले. शिंगं अजून थोडी मागं. वशिंड एवढं बसकं न्हाई, ते दुष्काळातलं झालं, आधीचं काढ. आधीचा बैल मी पाहिलेला नव्हता. त्यांनी सांगितला तसा काढला. कपाळावरचं पान काढून झालं तेव्हा त्यांनी कागद घेतला, घडी पडू नये म्हणून पटक्याच्या सुटलेल्या पदरात गुंडाळला आणि उरलेला बैल आणि गाय घेऊन त्याच दिवशी गावाकडं गेले. पुढं पावसाळ्यानंतर डॉक्टरकडून कळलं की त्यांनी त्याला काच बसवून घेतली.

छावणी उठली तेव्हा मी शाळेत परत आलो. तिथं मला पत्र आलं होतं की आपण इतके दिवस शाळेत गैरहजर का होतात, याचा खुलासा करावा. डॉक्टरला पत्र आलं की आपण आदेश नसताना दवाखाना सोडून छावणीवर का गेलात, याचा खुलासा करावा. टँकरला काही आलं नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी बसून एकमेकांचे खुलासे लिहिले. मी त्याचा लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. त्यानं माझा सांगितला, कारण त्याला सरकारी भाषा येत होती. दोन वर्षांनी दोघांनाही एकाच मजकुराचं उत्तर आलं की प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, म्हणजे फाईल बंद. माझ्या सेवापुस्तकात मात्र ‘जनावरांच्या छावणीत उल्लेखनीय सेवा’ अशी एक ओळ राहिली. ती नंतर कुणी काढली नाही, मीही काढायला सांगितलं नाही. निवृत्तीच्या वेळी कारकुनानं ती वाचली आणि मला विचारलं की सर, तुम्ही आधी कोणत्या खात्यात होता.

डॉक्टरची पुढं बदली झाली ती नांदेड जिल्ह्यात, कंधारला. मला वाटलं, जिल्हाच बदलला, आता पत्रं तरी वेगळी होतील. झालीही. पहिल्यांदा सवड मिळाली तेव्हा मी एसटीनं त्याच्याकडं गेलो. दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्याच्या बायकोला मी आधी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या लग्नात, तेही मांडवाच्या बाहेरच्या पंगतीतून. गावातल्या त्यांच्या घरात मी ओसरीच्या पुढं कधी गेलो नव्हतो. इथं ओसरीच नव्हती. दार उघडलं की स्वयंपाकघर.

ती जुन्या वळणाची होती. नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. त्यामुळं माझंही घ्यायची नाही. मी आलो तेव्हा तो गुरांकडं गेला होता. शेजारच्या बाई डोकावून म्हणाल्या, पाहुणे कोण. ती अडखळली. आडनाव सांगितलं, तर शेजारणीनं विचारलं की डॉक्टरसाहेबांचे भाऊ का. ती न्हाई म्हणाली. मग नाव काय, शेजारणीनं विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, तुमीच सांगा. मी सांगितलं. शेजारीण हसतच गेली.

तिनं ताट वाढलं. चुलीपुढं, तिच्या समोर पाट टाकून. तो अजून आला नव्हता. मी म्हणालो, वहिनी, डॉक्टर येऊ द्या, दोघं बरोबर बसू. ती भाकरी थापता थापता म्हणाली की त्यांचा काय नेम, गाय सोडवायला गेलेत, तुमी जेवा. भाकरी गरम हाय तवर.

मी जेवायला बसलो. तिनं आंबाड्याची भाजी वाढली आणि विचारलं, तिखट चालतं का. मी हो म्हणालो.